आमच्याच नावाचा मेल

कँटीनच्या मागच्या दाराशी मी थर्माकोलचा डबा खाली ठेवला, तेव्हा मॅनेजर चहा पीत उभा होता. डब्यात बर्फावर रोहू होती, पहाटे जाळ्यातून काढलेली. त्याने आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, आज कशाला आणली? तुम्हीच तर मेल केला ना, यापुढे जमणार नाही म्हणून."

"कोनं केला मेल?"

"तुमच्या गटाने. तुमच्याच आयडीवरून आला."

त्याने मोबाइल काढून दाखवला. मजकूर इंग्रजीत होता. त्यानेच मला मराठीत सांगितला: काही अडचणींमुळे आमचा बचत गट यापुढे मासोळी पुरवू शकत नाही, आमच्याऐवजी अमुक माणसाकडून घ्यावी, तो चांगला माल देतो. खाली गटाचं नाव होतं आणि अध्यक्ष म्हणून माझं.

मी जन्मात कधी मेल लिहिला नव्हता. मेल उघडतात कसा, हेही मला ठाऊक नव्हतं. मी त्याला म्हटलं, हे आम्ही लिहिलेलं नाही. तो खांदे उडवून म्हणाला, "मला कसं कळणार ताई? आयडी तुमचा आहे." ज्याच्याकडून माल घ्यावा असं लिहिलं होतं ते नाव मी मॅनेजरकडून पुन्हा वाचून घेतलं. आमच्या गावच्या नेट सेंटरवाल्याचा तो साळा.

डबा उचलून मी परत हायवेवर आले. शहापूरकडे जाणारी गाडी मिळेपर्यंत उन्हात उभी होते. बर्फ वितळून पाणी माझ्या पायांवर गळत होतं आणि माझे कान तापले होते. मला रडू येत नव्हतं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

आमचं गाव भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून आत वळणाऱ्या रस्त्यावर आहे. आम्ही ढिवर. नवरे, दीर, सासरे तलावात आणि नदीत जाळी टाकतात आणि विकण्याचं काम बायांचं. पूर्वी आम्ही टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसायचो. गट झाल्यावर कुणीतरी सुचवलं की हायवेवरच्या कंपनीत कँटीन आहे, तिथे विचारून पाहा. मी गेले. मॅनेजर म्हणाला, माल चांगला आहे, पण कोटेशन मेलवर पाठवा, आणि महिन्याचं बिल टाइप करून. तेव्हा आम्ही नेट सेंटरमध्ये गेलो. सगळं गाव तिथेच जातं. सातबारा, आधार, धानाची ऑनलाइन नोंदणी, पोरांचे दाखले, सगळं त्याच्याच हातात. माणूस गोड बोलायचा. "वहिनी, बसा. पाच मिनिटांत करून देतो." त्याने गटाचा मेल आयडी काढला, आमच्यासमोर भराभर टाइप केलं, प्रिंट हातात दिली. पासवर्डचं त्याने काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. मेल आला की तो फोन करायचा. आम्हाला ते सोयीचं वाटलं. अनोळखी भाषेत कुणी आपल्या वतीने बोलतो आहे, एवढंच आम्हाला कळत होतं. तो काय बोलतो ते कळत नव्हतं.

त्या दिवशी मी डबा घरी न नेता तशीच त्याच्या दारात गेले.

"भाऊ, कँटीनले कोनता मेल केला तुमी?"

त्याने मान वर केली नाही. "कोनता मेल?"

"आमी माल देत नाही म्हनून."

"वहिनी, तुमचा काहीतरी गैरसमज होऊन राहिला. मागं तुमीच म्हनत होत्या, पावसात माल कमी पडते."

"कमी पडते म्हनलं. बंद करतो नाही म्हनलं."

"तेच त. त्याइचं काम अडू नये म्हनून मी सोय करून देली." तो आता हसला. "त्यात तुमचंच नाव चांगलं राहिलं."

मी म्हटलं, "पासवर्ड द्या आमचा."

"पासवर्ड घेऊन काय करसान? तुमाले चालवता येते काय?"

दुकानात चारदोन माणसं होती. त्यातला एक हसला. मी तिथून निघाले. मला चालवता येत नव्हतं, हे खरंच होतं. त्याने फसवलं याचा राग एका बाजूला, आणि हसणाऱ्याला द्यायला माझ्याजवळ एक शब्द नव्हता, याचा दुसऱ्या बाजूला. दुसरा जास्त मोठा होता.

संध्याकाळी गटाच्या बाया जमल्या. मला वाटलं होतं, सगळ्या मिळून जाऊ, त्याच्या दुकानासमोर उभ्या राहू. मी सगळं सांगितलं. मग माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "जाऊ दे ना वं. उद्या रेशनकार्डात नाव टाकाले त्याच्याचकडे जा लागते." दुसरी म्हणाली, पोरीच्या स्कॉलरशिपचं काम अर्ध्यावर आहे, आता वाकडं घेऊ नको. तिसरीने तर मलाच विचारलं, "कँटीनवाल्याशी तूच काही वाकडी बोलली नसशीन ना?"

रात्री जेवताना नवराही तेच बोलला. "कायले वैर घेऊन राहिली? बाजार आहे ना आपला."

"बाजार आहे. पन कँटीन आपलं होतं."

"मंग काय करशीन?"

"शिकन मी कॉम्प्युटर."

तो हसला नाही, हे त्याचं बरं. पानावरून उठून हात धुवायला गेला. त्याच्या आणि गटातल्या बायांच्या 'जाऊ दे'चा मला जितका संताप आला, तितका त्या चोराच्या हसण्याचाही आला नव्हता. चोराकडून मला काही अपेक्षा नव्हती.

भंडाऱ्याला एका दुकानाच्या वर कॉम्प्युटर क्लास होता. महिलांसाठी मोफत, उद्योगासाठी संगणक, असा फलक बाहेर लावलेला. मी नाव घातलं. सकाळी बाजार आटोपायचा, घरी येऊन आंघोळ करायची, हातांना साबण आणि लिंबू चोळायचं, धुतलेलं लुगडं नेसायचं आणि मिळेल त्या गाडीने भंडाऱ्याला जायचं. वर्गात बहुतेक कॉलेजातल्या पोरी होत्या. माझ्या शेजारी एक नवी सून बसायची. माहेर आसगावचं, सासरचं खताबियाण्यांचं दुकान, तिथली बिलं करायची म्हणून आलेली. पहिल्या दिवशी मी बसले तशी तिने खुर्ची थोडी पलीकडे सरकवली आणि ओढणी नाकाशी घेतली.

शिकवणारे सर माझ्याहून फार लहान नव्हते, तरी मला मावशी म्हणायचे. पहिला आठवडा त्यांनी कॉम्प्युटर चालूच केला नाही. फळ्यावर लिहायचे आणि आम्ही वहीत उतरवायचं. संगणक हे एक इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे. संगणकाच्या पहिल्या पिढीत काय होतं, दुसऱ्या पिढीत काय होतं. मी विचारलं, "सर, मेल कधी शिकवसान?" ते म्हणाले, "मावशी, आधी बेसिक. पाया पक्का पाहिजे." मी पिढ्या पाठ करत होते आणि तिकडे दर बुधवारी कँटीनमध्ये त्या साळ्याची आंध्रातून आलेली बर्फातली मासोळी उतरत होती.

मग एक दिवस कॉम्प्युटर चालू झाले. मी माझ्या जागेवर बसले तर की-बोर्डावर प्लास्टिक गुंडाळलेलं होतं. नव्या साडीची असते ना, तसली पातळ पिशवी, मागून चिकटपट्टी लावलेली. मला वाटलं, धूळ लागू नये म्हणून सगळ्यांनाच असेल. इकडेतिकडे पाहिलं. नव्हतं. फक्त माझ्याच की-बोर्डाला होतं.

मी काही बोलले नाही. त्या प्लास्टिकवरून बोटं घसरायची. एक अक्षर दाबायला जावं तर पिशवी सरकून शेजारचं उमटायचं. माझ्या बोटांवर जाळी विणताना पडलेल्या दोऱ्याच्या चिरा आहेत, त्यात प्लास्टिकची कड रुतायची. सगळ्या पोरी आपापली नावं टाइप करून मोकळ्या झाल्या आणि मी पहिल्या अक्षरावर. सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, जरा प्रॅक्टिस करा. लक्ष कुठं आहे?"

दुसऱ्या दिवशीही प्लास्टिक होतंच. मागच्या रांगेतल्या पोरीने सरांना हळूच विचारलं, तिथे कव्हर कशाला. सरही हळूच म्हणाले, पण मला ऐकू आलं. "वास बसतो ना मग."

मी उठले. आवाज शांत निघाला, ते कसं झालं मला माहीत नाही.

"सर, तुमी मासोळी खाता?"

ते गोंधळले. "हो, खातो ना."

"मंग खाताना हाताले प्लास्टिक गुंडाळता काय?"

सर म्हणाले, "मावशी, तसं नाही, मालक मला बोलतात, मशीन खराब झालं की..."

"मी तुमची मावशी नाही. मी गटाची अध्यक्ष आहे. घरून हात धुऊन येतो, तुमच्या बाथरूमात पानी नसते म्हनून." मी चिकटपट्टी ओढली. ती नीट निघेना, म्हणून नखाने फाडली. पिशवीचा बोळा करून त्यांच्या टेबलावर ठेवला. "मले पिढ्या नको. मले मेल करता आला पाहिजे, कोटेशन लिहिता आलं पाहिजे आन बिलाची बेरीज करता आली पाहिजे. उद्योगासाठी संगणक असं बाहेर तुमीच लिहिलं आहे. ते शिकवा, नाही त बोर्ड काढा."

मला वाटलं होतं, ते मला हाकलून देतील. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते थोडा वेळ बाहेर जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठीक आहे. सगळ्यांनी इंटरनेट उघडा."

पुढे त्यांनी मन लावून शिकवलं, हे कबूल केलं पाहिजे. माझ्याशी ते शेवटपर्यंत जेवढ्यास तेवढं बोलले, पण जे विचारलं ते दाखवलं. ॲट असं वाचायचं ते गोल चिन्ह कसं काढायचं, मराठीत टाइप कसं करायचं, फाइल मेलला कशी जोडायची. एक्सेलमध्ये वजन आणि भाव लिहून चौकटीचा कोपरा खाली ओढला की सगळ्या ओळींचा गुणाकार आपोआप होतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. इतकं सोपं होतं हे. इतक्या सोप्या गोष्टीवर तो माणूस एवढी वर्षं आमच्या डोक्यावर बसला होता.

आसगावची सून एकदा म्हणाली, "ताई, ते गोल चिन्ह मले नाही निघून राहिलं." मी दाखवलं. तिने खुर्ची जवळ घेतली. ओढणी नाकावरून खाली यायला मात्र आणखी काही दिवस लागले.

एके दिवशी मी सरांना विचारलं, "मेलचा पासवर्ड आपल्याजवळ नसला त?"

"विसरला असाल तर तशी सोय असते." त्यांनी माझ्या मशीनवर आमच्या गटाचा आयडी टाकायला लावला आणि पासवर्ड विसरलात का, त्यावर क्लिक करायला सांगितलं. पडद्यावर आलं की एका मोबाइलवर कोड पाठवला जाईल. नंबर पूर्ण दाखवत नव्हते, शेवटचे दोनच आकडे होते. ते दोन आकडे मी ओळखले. नेट सेंटरच्या पाटीवर तोच नंबर ठळक रंगवलेला आहे.

"हा मोबाइल तुमच्याजवळ आहे?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग तो माणूस समोर पाहिजे. कोड थोड्याच वेळासाठी चालतो."

मी कोड पाठवला नाही. पडदा बंद केला.

धानाच्या नोंदणीचे दिवस होते. सेंटरमध्ये भर दुपारी शेतकऱ्यांची रांग होती, दाराबाहेरपर्यंत. गिऱ्हाइकांसाठी तिथे एक जादा कॉम्प्युटर भिंतीशी असतो. मी सरळ जाऊन त्याच्यासमोर बसले. तो म्हणाला, "वहिनी, काय पाहिजे? मी करून देतो."

"काही नाही. माझं मीच करतो."

त्याला वाटलं, मी हटून बसले आहे, कंटाळून उठेन. त्याने लक्ष दिलं नाही. मी आयडी टाकला. एक अक्षर चुकलं, पुसून पुन्हा टाकलं. कोड पाठवा, त्यावर क्लिक केलं. आणि काउंटरवर ठेवलेला त्याचा मोबाइल वाजला.

त्याने मोबाइल पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

मी मोठ्याने म्हटलं, "आमच्या गटाच्या मेलचा नंबर आला तुमच्या मोबाइलवर. वाचा."

"हे काय लावलं वहिनी? लोकाइचं काम चालू आहे. त्यात सर्व्हर डाऊन आहे."

"सर्व्हर डाऊन आहे त मोबाइल कसा वाजला?"

रांगेतली माणसं आता आमच्याकडे पाहू लागली. कुणी माझ्या बाजूने बोललं असतं तर मला ते आयुष्यभर आठवलं असतं. तसं कुणी बोललं नाही. एक म्हातारा बाबा मात्र सकाळपासून उभा होता, त्याचे पाय दुखत असावेत. तो वैतागून म्हणाला, "वाचून दे ना बाप्पा तिले काय पाहिजे ते. आमचा नंबर लागू दे."

मागून आणखी दोघं म्हणाले, हो ना, दे ना. त्यांना माझ्या मेलशी काही देणंघेणं नव्हतं. पण रांग थांबली होती. आणि त्याला रांगेची भीती होती, माझी नव्हती.

त्याने आकडे वाचले. भराभर वाचले, मुद्दाम. मी म्हटलं, "पुन्हा. सावकास." त्याने पुन्हा वाचले. मी एकेक आकडा टाकला. नवा पासवर्ड टाकताना पडद्यापुढे आडवी झाले. मग सेटिंगमध्ये जाऊन त्याचा नंबर काढला आणि माझा घातला, सरांनी दाखवलं होतं तसा. माझ्या पदराला बांधलेल्या मोबाइलवर कोड आला, तोही मी टाकला.

मी उठले तेव्हा तो हळूच म्हणाला, "मागितला असता त दिलाच असता, वहिनी."

"मागितला होता. तुमी मले विचारलं, चालवता येते काय."

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी आमचा मेल उघडून बसले. बरंचसं इंग्रजीत होतं, आसगावची सून आणि मी मिळून वाचलं. कँटीनच्या मॅनेजरने आमच्या मेलला उत्तर दिलेलं होतं: तुमचा माल चांगला होता, पुन्हा विचार करावा. त्यावर आमच्याच नावाने उत्तर गेलं होतं, विचार झाला आहे, नाही जमत. कुणीतरी माझ्या तोंडाने माझ्याच कामाला नाही म्हटलं होतं. तेही अदबीने, धन्यवाद लिहून.

मी पहिला मेल लिहिला तो त्या मॅनेजरला. मराठीत लिहिला. मागचे दोन्ही मेल आम्ही पाठवलेले नाहीत, आमच्या नावाने दुसऱ्याने पाठवले, आता आयडी आमच्या ताब्यात आहे, आम्ही माल द्यायला तयार आहोत. दोन दिवस उत्तर नाही. मग मी स्वतः गेले.

"वाचला मी तुमचा मेल," तो म्हणाला. "वाईट झालं ताई. पण आता त्याच्याशी वर्षाचा करार झाला आहे. वरून मंजूर आहे. पुढल्या वर्षी नक्की कोटेशन पाठवा."

"साहेब, माझा फोन नंबर तुमच्याजवळ होता. मी दर बुधवारी तुमच्यासमोर उभी राहत होती. तुमाले एक फोन करता नाही आला?"

"मेल आला होता ना," तो म्हणाला.

याचं मी काय करू? तो वाईट माणूस नाही. त्याने मला चहा दिला. पण माझ्यापेक्षा माझ्या नावाने आलेल्या मेलवर त्याचा विश्वास जास्त होता. चहा मी तिथेच ठेवून आले.

कँटीन परत मिळालं नाही. मी भंडाऱ्यातल्या हॉटेलांना, खानावळींना, एका मुलांच्या वसतिगृहाला मेल पाठवले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी बोलावलं, माल पाहिला आणि आठवड्यातून दोनदा साफ करून, तुकडे करून पाठवा म्हणाले. आज ते काम सुरू आहे. गटाने एक जुना लॅपटॉप घेतला, तो आमच्या पडवीत असतो. बिल मीच करते.

आता लोक म्हणतात, झालं ना सगळं बरं, मग अजून कशाला चिडतेस? नवराही म्हणतो. मी त्याला सांगते, बरं झालं ते मी केलं म्हणून. जे माझ्या बाबतीत झालं, ते बरं झालं नाही.

मागच्या उन्हाळ्यात जाऊबाई दुपारी पडवीत आल्या. जाऊ दे ना, म्हणणाऱ्या त्या पहिल्या होत्या. काही वेळ इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, "मलेही शिकवशीन काय वं?"

मी लगेच हो म्हटलं नाही. त्यांना उभ्याच ठेवलं. मासोळीचे खवले अजून त्यांच्या मनगटाला चिकटलेले होते, वाळून चमकत होते. शेवटी मी लॅपटॉपसमोर स्टूल ओढलं आणि म्हटलं, "बसा."

त्या बसल्या. हात पदराला पुसू लागल्या. पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या.

"राहू द्या तसेच," मी म्हटलं. "दाबा."